भावाचं विमान मळवताना

धाकट्या भावाची सुटी रद्द झाल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं भाऊ दुकानाच्या मागच्या खोलीत छोट्या प्लास्टिकच्या विमानाचा डावा पंख चिकटवत होतो. त्याने पंख तसाच धरून ठेवला, दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला, तीनदा 'हो सर' म्हणाला. मग डिंक वाळेपर्यंत थांबला आणि उठला.

"काऊन बे? चारच दिवस झाले तुले येऊन," मी म्हणालो.

"बोलावलं, दादा."

सीमेवर काय चाललंय ते टीव्हीवर सगळेच पाहत होते.

खामगावात माझं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे. मोटारसायकलच्या टाक्या, ट्रॅक्टरची बोनेटं, कधी एखादी ठोकलेली कार. भाऊ हवाई दलात. वैमानिक नाही. विमान उतरलं की त्याच्या पोटाखाली शिरून त्याला पुन्हा उडण्याजोगं करणारा तंत्रज्ञ. यावेळी त्याने येताना प्लास्टिकच्या सुट्या भागांचा एक डबा आणला होता. त्याच्या हाताखालच्या लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती, जोडल्यावर फूटभर लांब. शेपटीवर लावायचे आकडेही त्याने आल्या आल्या कापून ठेवले होते. तो रोज ज्या विमानाला हात लावतो त्याचेच.

मी त्याला गाडीवर जलंब स्टेशनला सोडायला गेलो. फलाटावर तो म्हणाला, "इमान थांबवू नको. रंगव. पण चकचकीत करू नको, तुही सवयच तशी हाये."

"मंग कसं करू?"

"मयलं. नवं कोरं इमान म्हणजे उभं राह्यलेलं इमान. उडणारं मयलं असते."

आयुष्यभर मी जुन्याचं नवं करत आलो. चरे बुजवायचे, पुट्टी घासायची, डाग झाकायचे. आता नव्यावर डाग पाडायचे होते. पहिले तीन दिवस तो फोनवर शिकवत होता. काळा रंग पाण्यासारखा पातळ करून पत्र्यांच्या सांध्यांतून सोडायचा आणि कानातल्या कापसाच्या काडीने पुसायचा. इंजिनाच्या मागच्या तोंडाशी धातू तापून निळा-तपकिरी होतो, तो कसा दाखवायचा. एकदा मी पोटाखाली तेलाचे ओघळ काढून त्याला फोटो पाठवला, तर तो हसायला लागला.

"दादा, हे ट्रॅक्टर नाही. उडताना तेल खाली नाही टपकत, मांगं वाहते. वाऱ्यानं ओढल्यावानी."

मी पुसून पुन्हा काढले. नाकाकडून शेपटीकडे, केसाएवढे बारीक.

चौथ्या दिवशी सकाळी त्याचा फोन बंद लागला. दुपारी बंद. संध्याकाळी बंद.

तो स्वतःच सांगून गेला होता की असं होऊ शकतं, फोन जमा करून घेतात. डोक्याला ते कळत होतं. पण शेजारच्या चहाच्या टपरीवर टीव्ही मोठ्या आवाजात चालू असायचा, नकाशावर लाल बाण फिरायचे, आणि त्यातला एक बाण भावाच्या शहराकडे गेला की मी हातातलं काम टाकून टपरीवर जायचो. एक गिऱ्हाईक मांडीवर थाप मारून म्हणालं, "आता दाखवतीन त्याईले!" मी मान हलवली आणि दुकानात येऊन नुसता उभा राहिलो. त्या दिवशी एका टाकीवर लाल रंगाचे दोन हात मारायचे होते, मी तीन मारले आणि ओघळ आला. वीस वर्षांत माझ्या हातून ओघळ आला नव्हता.

वडील वरवट बकालला शेतीत. रोज सकाळी त्यांचा फोन.

"जयभीम. त्याचा फोन लागून राह्यला का तुले?"

"हो, काल लागला होता," मी म्हणालो.

"काय म्हणे?"

"काही नाही. ठीक हाय म्हणे. काम हाय म्हणे."

पहिलं खोटं सोपं गेलं. दुसऱ्या दिवशी तो काय जेवला तेही मला सांगावं लागलं. सांगता सांगता मला वाटून गेलं की मी एका नसलेल्या माणसाचं जेवण सांगतोय.

विमान मी सोडलं नव्हतं. ते सोडलं तर काहीतरी वाईट होईल असं मनानं धरलं होतं. असलं काही मानायचं नाही असं लहानपणापासून शिकलेला मी, पण भीतीपुढे काही चाललं नाही. पंख जिथे धडाला मिळतो तिथला रंग बुटांनी झिजतो, असं भावाने सांगितलं होतं. त्यासाठी फोमचा तुकडा चंदेरी रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून हलकेच टिपायचा होता. मी दोनदा टिपला आणि एकदम कळलं की हे बूट त्याचेच आहेत. विमानावर बॉम्ब पडला तर तो इथेच उभा असेल, या नखाएवढ्या जागेत. मी फोम खाली ठेवला. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी अंगावरचा घाम पुसत होतो. तिने विमान उचलून फळीवर ठेवलं आणि माझ्याशेजारी बसून राहिली.

सातव्या दिवशी मोबाइलवर एक फोटो आला. कोणीतरी कोणाला पाठवलेला, तिथून मला. खाली भावाच्या तळाचं नाव. एक लढाऊ विमान पेटलेलं, शेपटी धुरातून बाहेर, शेपटीवरचे पहिले दोन आकडे स्पष्ट. बाकीचे ज्वाळेत गेलेले.

तेच दोन आकडे माझ्या फळीवरच्या शेपटीवर होते.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी जमिनीवर बसलो होतो, कॉम्प्रेसर चालूच होता, त्याचा आवाज मला येत नव्हता. मग उठलो, विमान खाली घेतलं, चष्म्यावर भिंग धरलं आणि फोटो मोठा करून दोन्ही शेजारी ठेवले. आकड्यांची जागा तीच. शेपटीचा आकार तोच. मी खरं तर काहीतरी वेगळं सापडावं म्हणून शोधत होतो, आणि प्रत्येक गोष्ट जुळत होती.

मग फोटोतल्या विमानाच्या पोटाखालचे डाग दिसले. सांध्यांतून निघालेले काळे ओघळ सरळ खाली गेले होते. एकही मागे वाहिलेला नव्हता. ट्रॅक्टरसारखे. पावसापाण्यात वर्षानुवर्षं एका जागी उभ्या असलेल्या यंत्रावर पडतात तसे. आणखी मोठा करून पाहिलं तर दिसलेल्या एका चाकात हवा नव्हती आणि त्याच्याभोवती गवत वाढलेलं होतं. हे विमान कालपरवा उडालेलं नव्हतं. भंगारातलं असेल, सरावासाठी पेटवलेलं असेल, काय असेल ते. भाऊ ज्याला रोज हात लावतो ते नव्हतं.

मोठ्याने रडायला आलं. पण भीती गेली नाही. मी एक दुकानदार रंगारी, माझ्या डोळ्यांवर मी किती विश्वास ठेवणार?

दोन तासांनी वडील दुकानाच्या दारात उभे. एसटीने आले होते. पायात शेतातल्याच चपला, त्यांना माती. गावात कोणीतरी त्यांना तोच फोटो दाखवला होता.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. विमान त्यांच्या हातात दिलं, फोटो समोर धरला, एकेक ओघळ दाखवला. त्यांनी शेतातलं कीड लागलेलं पान पाहावं तसं डोळे बारीक करून पाहिलं.

"म्हणजे हे त्याचं इमान नाही."

"नाही, बाबा."

"नक्की?"

"मले तरी नक्की वाटते."

ते मग म्हणाले, "पण तू त रोज बोलून राह्यला ना त्याच्याशी? मंग हे सारं काऊन तपासलं? त्यालेच इचारायचं होतं."

मी मोबाइल खिशात ठेवला.

"किती दिवस झाले?"

"आज चौथा."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विमान दोन्ही हातांनी मला परत दिलं. "मले खरं सांगत जाय," ते म्हणाले. "भेव मले बी लागते. एकट्यानं कायले भेत बसला?"

ते गावाला परत गेले नाहीत. पुढचे दोन दिवस दुकानातच बसले, पॉलिश पेपरचे चौकोन कापत. गिऱ्हाइकाचा फोन वाजला तरी आम्ही दोघं एकदम वर पाहायचो. टपरीवाल्याने आमच्याकडे एकदा पाहून टीव्हीचा आवाज कमी केला, तेवढं त्याचं मी विसरणार नाही.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर वाजला. मला उचलवेना. वडिलांनी माझ्या हातातून घेतला, पण बटण कुठलं ते त्यांना सापडेना, आणि आम्ही दोघंही एकाच वेळी त्या फोनवर बोटं मारत होतो.

"दादा? मी. दुसऱ्याचा फोन हाये. ठीक हावो. बाबाले सांगजो."

"बाबा इथंच हायेत," मी म्हणालो, आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. वडील फोनमध्ये एवढंच म्हणाले, "जेवत जाय." फोन बंद झाला.

भाऊ दोन महिन्यांनी आला. वाळला होता, डाव्या कानाने कमी ऐकू येत होतं. पहिले दोन दिवस नुसता झोपला. भरदुपारी मी दुकान सोडून घरी यायचो आणि त्याची छाती वरखाली होते का ते पाहून परत जायचो. तिसऱ्या दिवशी त्याने विमान हातात घेऊन बराच वेळ फिरवलं. वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणावर मी हलकी धूळ दाखवली होती. त्याने कापसाची काडी थिनरात बुडवू का म्हणून विचारलं आणि तेवढी जागा स्वच्छ पुसली.

"हे मी सोता पुसतो," तो म्हणाला. "दर येळी, इमान उडायच्या आंधी."

मग त्याने विचारलं, वरवटला बाबांकडे जायला एसटी किती वाजता आहे.