सगळेच कप्तान

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात नाटकाचे कपडे भाड्याने देणारी एक बाई आहे. ती टेप वापरत नाही. तोंडात टाचण्या धरून नजरेनंच माप घेते. शाळेच्या गॅदरिंगला मी समुद्री चाच्यांचं नाटक बसवलं होतं, कपडे तिच्याकडचेच. एक कप्तान, एक आचारी, बाकी खलाशी. पडदा उघडला, तर सगळ्यांच्याच डोक्यावर कप्तानाची टोपी. आचारीसुद्धा टोपी घालून झारा हलवत होता.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत दुकानात गेलो. "अहो, मग जहाज कोण चालवणार?"

तिनं सावकाश टाचण्या काढल्या. "परत्येक आई म्हनली, माज्याच लेकराला कप्तान करा. आन् सर, सोलापुरात समुद्र कुटं हाय? जहाज जाग्यावरच ऱ्हानार की."

मग माझ्या डोक्याकडे बघून तिनं एक टोपी पुढं केली.

अगदी मापात बसली.