ठोसरांचं हमिंग

पनवेलच्या लाईन आळीत कमलाकर ठोसरांचं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा ठोसरांचा कान जास्त प्रसिद्ध होता. मशीन उघडण्याआधी ते डोळे मिटून नुसतं ऐकायचे. खालून, पोटातून आल्यासारखं 'घूं' ऐकू आलं की कंडेन्सर म्हातारे झाले. वरचं, खरखरीत 'झर्र' आलं की अर्थिंगचा घोळ, नाहीतर शेजारच्या ट्यूबलाईटचा उपद्रव. दोन्हींना धंद्यातला शब्द एकच, हमिंग. ठोसरांनी सांगावं आणि ते तसंच निघावं, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होतं. आणि शत्रूंना तोटा नव्हता, कारण माणसाची जीभ वाईट होती. गिऱ्हाईक जरा काही वेडंवाकडं बोललं की ठोसर शांतपणे म्हणायचे, "तुझ्या डोक्यात अर्थिंग नाही." या वाक्यावर ते स्वतःच खूश होते. बोलून झालं की आजूबाजूला बघायचे, कोण हसलं ते पाहायला.

हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा त्यांच्या बायकोच्या, सुनंदाच्या, वाट्याला यायचं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मध्ये एक पडदा. पडद्याच्या पलीकडे सुनंदा, तिचा स्टोव्ह, तिची भांडी आणि तिचा एकच चालू कान.

डावा कान लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गेला. टायफॉईड झाला होता. ताप उतरला आणि कानात 'घूं' सुरू झाली. दिवसभर, झोपेतसुद्धा. तिने नवऱ्याला सांगितलं. आवाज म्हटल्यावर सांगायला याच्याहून योग्य माणूस पनवेलात होता कोण? ठोसरांनी तिला दुकानात, गिऱ्हाइकांसमोर स्टुलावर बसवलं, तिच्या कानाला आपला कान लावला, डोळे मिटले, आणि निकाल दिला: "मशीन ठीक आहे. डोक्यात अर्थिंग नाही." दुकान हसलं. सुनंदाही हसली. नवी सून, दुसरं काय करणार? पुढे भाऊ आला आणि तिला ठाण्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, तोवर कानातली 'घूं' बंद झाली होती आणि तिच्याबरोबर बाकी सगळंच बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "आवाज सुरू झाला तेव्हाच आला असतात तर कान वाचला असता, बाई."

हे वाक्य तिने कानामागे टाकलं नाही. ठोसरांनी मात्र त्यातून नवा विनोद काढला. पाहुणे आले की म्हणायचे, "पनवेलात सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी राबतो, आणि घरी बहिरी." पाहुणे चहा पीत हसायचे. चहा तिनेच केलेला असायचा.

अशी वीसेक वर्षं गेली. नव्वद साल उलटलं, घरोघर नवे डेक आले, काचेच्या दिव्यांसारख्या वॉल्वची मशीनं भंगारात जाऊ लागली. तेव्हा एके दिवशी जासईचा तुळशीराम घरत टेम्पोतून एक खोकं घेऊन आला. तुळशीराम हळदीच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या पार्टीत गिटार धरायचा. खोकं म्हणजे त्याचा गिटारचा अँप्लिफायर, जुना, विलायती, वॉल्वचा. त्याचा बाप गोदीत होता. तुटायला आलेल्या कुठल्याशा जहाजाच्या करमणुकीच्या खोलीतून त्याने तो उचलून आणला होता. बाप गेला, अँप्लिफायर राहिला.

"मास्तर, लय घूं घूं करतंय," तुळशीराम म्हणाला. "गिटारला हात लावला का जरा कमी व्हतंय. भयनीची हळद हाय पुढचे मयन्यात. तवर व्हईल ना?"

ठोसरांनी डोळे मिटले. पडद्याआडून सुनंदाही उजव्या कानाने ऐकत होती. एवढ्या वर्षांत तिलाही कळायला लागलं होतं. खाली 'घूं', वर 'झर्र'. दोन्ही आहेत, तिने मनात म्हटलं.

"दोन्ही आहेत," ठोसर म्हणाले. "हात लावल्यावर कमी होतं, म्हणजे मशीनला अर्थिंगच नाही. तुझ्यासारखंच आहे."

खरं सांगायचं तर त्यांनी काम फार देखणं केलं. फुगलेले कंडेन्सर काढून नवे घातले. दोन पिनांची कुजकी वायर टाकून तीन पिनांची घातली, अर्थिंग पत्र्याच्या सांगाड्याला घट्ट जोडलं, वॉल्वच्या तारा पिळून एका कडेने नेल्या. चार दिवसांत मशीन असं गप्प झालं की चालू आहे हे फक्त वॉल्वच्या लाल उजेडावरून कळावं. तुळशीरामने गिटार लावून एक सूर काढला, तो खोलीभर गोल फिरला आणि मागे काही न ठेवता विरला. बिचाऱ्याचे डोळे भरून आले. "माजा बा व्हता तवा असा वाजायचा," तो म्हणाला.

"थांब," ठोसर म्हणाले. "अजून आहे."

"काय हाय?"

"घूं."

तुळशीरामने कान टवकारले. "मास्तर, काय नाय वाजत आता."

"तुझे कान हळदीत ढोल ऐकून फुटलेत. ठेवून जा."

पडद्याआड सुनंदाच्या हातातली पळी थांबली. तिला काही ऐकू येत नव्हतं. आधी वाटलं, आपलाच कान. मग तिने पडद्याच्या फटीतून नवऱ्याकडे पाहिलं. मान एका बाजूला कलती, तळहाताने कानावर हलक्या थापा, पुन्हा ऐकणं. ती चाळवाचाळव तिच्या ओळखीची होती. टायफॉईडनंतर ती स्वतः अशीच थापा मारायची. पहिल्या क्षणी तिला वाईट वाटलं, खरंच वाईट वाटलं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

मग ठोसरांनी शोध सुरू केला. पंखा बंद केला, ट्यूबलाईट काढून टाकली. शेजारची पिठाची गिरणी दोषी ठरवून गिरणीवाल्या विठूशी भांडण काढलं. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाताला धरून आत आणायचे, ऐक म्हणायचे. जो तो म्हणे, काही नाही. जो तो शिव्या खाऊन जाई. चांगले जुने वॉल्व काढून दुसरे घातले. मूळचा ट्रान्सफॉर्मर उखडला. प्लग काढल्यावरही आवाज येतो म्हटल्यावर म्हणू लागले, भिंतीतल्या लाईनमधूनच येतो. काढलेल्या वस्तू टेबलाखालच्या टोपलीत जात होत्या, आणि टोपली भरली की भंगारवाल्याकडे.

एका दुपारी सगळ्या आळीची वीज गेली. गिरणी थांबली, पंखे थांबले, रस्त्यावरचा कॅसेटवाला गप्प झाला. सुनंदा जेवायला बोलवायला पडदा सारून आली, तर ठोसर उघड्या अँप्लिफायरसमोर बसलेले, दोन्ही हात कानांवर, चेहरा पांढराफटक. तिने त्यांना असं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"सुनंदा," ते म्हणाले. बऱ्याच वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. "ऐक जरा. तुला येतोय का आवाज?"

ती जवळ गेली. उजवा कान मशीनजवळ नेला. आत नुसती शांतता होती, धुळीचा आणि डाग देताना जळलेल्या राळेचा वास होता. एक 'नाही' म्हटलं असतं की झालं असतं. वीज नसताना, बायकोलाही ऐकू येत नसताना, त्यांच्यासारख्या हुशार माणसाला पुढचं कळायला किती वेळ लागला असता? संध्याकाळी डॉक्टर गाठला असता. आवाज नुकताच सुरू झाला होता. हे सगळं तिला त्या क्षणी स्वच्छ समजत होतं.

तिला स्टूल आठवलं. हसणारं दुकान आठवलं. त्यात आपणही हसलो होतो, ते जास्त आठवलं.

तिने डोळे मिटले, थेट त्यांच्यासारखे.

"येतोय की," ती म्हणाली. "खालून. घूं असा."

ठोसरांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे स्क्रू हलले. "मला वेड लागलं की काय वाटलं होतं गं!" मग लगेच त्यांचं डोकं चालू झालं. वीज नसताना आवाज, म्हणजे करंट आतच साठून राहतोय, आपण घातलेले कंडेन्सर तो धरून ठेवतायत. "सगळं काढायला हवं. मुळापासून." आणि मग त्यांनी असं काही केलं की सुनंदा गोंधळून गेली. त्यांनी दुसरं स्टूल ओढलं आणि म्हणाले, "तू इथेच बस. तुझा कान लागेल मला."

त्यानंतरचे दिवस तिच्या संसारातले सगळ्यात सुखाचे गेले. सांगायला लाज वाटावी, पण गेले. रोज दुपारी ती दुकानात नवऱ्याशेजारी बसायची. एक तार काढून ते विचारायचे, "आता?" ती ऐकून सांगायची, "थोडा कमी झाला." दुसरी तार. "आता?" "वाढला हो." ते चिडायचे नाहीत. उरण नाक्यावरून तिच्यासाठी भजी आणायचे. लोकांना सांगायचे, "हिला ऐकू येतं, आणि तुम्हाला नाही? बहिरे लेकाचे!" आळीत लोक पोट धरून हसले. बहिरीची साक्ष काढणारा ठोसर! सुनंदा खाली मान घालून भजी खायची. खरं सांगून टाकावं असं एकदा दोनदा तोंडाशी आलं. पण सांगितलं असतं तर पुन्हा पडद्याआड जावं लागलं असतं.

हळदीच्या आदल्या दिवशी तुळशीराम टेम्पो घेऊन आला. लाकडी खोक्यात एक स्पीकर होता आणि बाकी पोकळी. टेबलावर तारांचा गुंता.

"आतलं कुठं हाय?" त्याने विचारलं.

"सगळं सदोष होतं. काढून टाकलं."

"टाकलं? कुठं टाकलं?"

"भंगारात. ओरडू नकोस, तिला विचार. आवाज येत होता की नाही, सुनंदा?"

तुळशीराम तिच्याकडे वळला. "वयनी, तुमी सांगा. येत व्हता?"

सुनंदाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिचं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. "येत होता," ती म्हणाली.

तुळशीराम खोक्यावर हात ठेवून उभा राहिला, बापाच्या खांद्यावर ठेवावा तसा. मग मोकळा रडला, गडी माणूस, भर बाजारात. जाताना म्हणाला, "मास्तर, तुजे कानात कायम तेच वाजो." ठोसरांना ते नीट ऐकूच आलं नाही. त्यांनी सुनंदाला विचारलं, "काय म्हणाला?"

"पुन्हा येतो म्हणाला."

शाप बिप काही नसतं, पण तसंच झालं. दुसरं गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेना. पोरं दुकानासमोरून 'घूंऽऽ' करत पळायची, आणि ठोसरांना तो आवाजही मशीनचाच वाटायचा. दोन-तीन वर्षांत बाहेरचं सगळं ऐकू येणं थांबलं. आतली 'घूं' तेवढी राहिली. मग सुनंदाचा भाऊ दोघांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर जे म्हणाले ते ठोसरांना ऐकू आलं नाही. सुनंदाला ऐकायची गरज नव्हती, तिला ते पाठ होतं.

दुकान बंद झालं. पडदा काढून तिने धुऊन पायपुसणं केलं. संध्याकाळी ठोसर पुढच्या खोलीत त्याच जुन्या स्टुलावर बसतात आणि ती दिवा लावायला आली की अजून विचारतात, आपलाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्याने: "येतोय ना गं?" आपण एकटे नाही, एवढीच खात्री त्यांना हवी असते. ती मान डोलावते. त्यांचा जीव शांत होतो.

परवा त्यांनी तिचा हात धरला. "सगळ्यांनी मला वेडा ठरवलं. तूच एक माझ्या बाजूची," म्हणाले, आणि रडायला लागले.

सुनंदा खाली वाकली. त्यांच्या कानाला तिने आपला चांगला कान लावला, डोळे मिटले आणि निवांत ऐकलं. मग त्यांच्या गालावर हात ठेवून, त्यांच्या डोळ्यांत बघत, गोड हसत ती म्हणाली, "डोक्यात अर्थिंग नाही तुमच्या."

तिचे ओठ हललेले त्यांना दिसले, हसू दिसलं. काहीतरी मायेचं बोलली असावी असं वाटून तेही हसले.