मॅचच्या दिवशीचा अबोला

दुपारचं जेवण अंगावर येतं तसे हिंदुराव खाटेवर आडवे होतात. डोळे मिटतात, कान मात्र जागे राहतात. शेजारच्या खिडकीत कुणीतरी मोबाइलवर फुटबॉलची मॅच लावली आहे. नागोबा तालीम आणि जुनी वेस तालीम, दोन पेठांचे दोन संघ. मुलगा सकाळीच स्टेडियमवर गेला. ‘‘चला की आबा,’’ म्हणाला होता. हिंदुरावांनी नकारार्थी मान हलवली.

कोल्हापुरात या दोन पेठांच्या मधे एकच रस्ता आहे. एरवी इकडची भाजी तिकडे जाते, तिकडच्या मुली इकडे सून होऊन येतात. शालन तशीच जुन्या वेशीतून नागोबाच्या पेठेत, हिंदुरावांच्या घरी आली. लग्नानंतरच्या पहिल्याच मॅचला ती सकाळी हसत म्हणाली, ‘‘आज तीन खातासा बगा.’’ आणि नागोबानं खरंच तीन गोल खाल्ले. तालमीतल्या पोरांनी हिंदुरावांना धरलं, तुझ्या बायकोची जीभ काळी म्हणून. तेव्हापासून घरात रिवाज पडला. मॅचच्या दिवशी उठल्यापासून शेवटची शिट्टी होईपर्यंत नवरा-बायकोनं बोलायचं नाही. ती चहाचा कप मुद्दाम आपटून ठेवायची, हे हसू दाबत प्यायचे. सगळ्या गल्लीला त्याचं कौतुक होतं.

गेल्या वर्षी मॅचच्या सकाळी ते चपला घालत असताना ती दारात आली. एक हात खांद्यावर दाबून धरलेला. ‘‘अवो,’’ म्हणाली.

हिंदुरावांनी ओठांवर बोट ठेवलं. तिनं जीभ चावली, हसली आणि आत गेली.

नागोबा जिंकली. हलगीच्या मागनं नाचत ते गल्लीत आले, तर दारात माणसं उभी होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सगळे म्हणाले, सुखानं गेली, कुणाला त्रास दिला नाही. त्या ‘अवो’बद्दल त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

खिडकीतला आवाज लांब जातो. कुणीतरी कप आपटतं.

हिंदुराव स्वयंपाकघरात उभे आहेत. शालन कट्ट्यापाशी पाठमोरी, चहा गाळते आहे. ते एक पाऊल पुढं टाकतात, तर पायाखाली फरशी नाही, स्टेडियमची तापलेली पायरी आहे. चहूबाजूंनी नागोबाची माणसं, लाल झेंडे. शालन त्यांच्या शेजारी बसली आहे, अंगावर जुन्या वेशीची पिवळी साडी. आणि कुणी तिला उठवत नाही.

‘‘शालन,’’ ते म्हणतात, ‘‘त्या दिवशी काय सांगनार हुतीस?’’

ती ओठांवर बोट ठेवते.

‘‘अगं, आता कसला अबोला!’’

ती मैदानाकडं बोट करते. खेळ चालू आहे. रेफ्रीच्या हातावर घड्याळच नाही. खेळाडू पळतात, घामाघूम होतात, आणि शिट्टी काही होत नाही. हिंदुरावांना कळतं, ही मॅच संपणार नाही. आपण नियम केला, ती तो पाळत बसणार.

‘‘मी मोडला नियम. बोल.’’

शालन हळूच ओठ हलवते. ‘‘हरशीला.’’

‘‘हरू दे.’’

‘‘म्हनायला काय जातंय!’’

मग हिंदुराव उठतात. उभ्या जन्मात जे तोंडातून काढलं नाही ते सगळ्या पेठेच्या मधोमध उभं राहून ओरडतात. ‘‘जुनी वेस! जुनी वेस!’’ शेजारचे वळून बघतात. कुणीतरी शिवी देतं, कुणी सदऱ्याला धरून खाली ओढतं. ‘‘हिंदुराव, डोकं फिरलं का तुमचं?’’ ते थांबत नाहीत. घशाच्या शिरा ताठतात. चेंडू जाळ्यात जातो. कुठल्या जाळ्यात ते बघायलाही त्यांना सवड नाही.

शिट्टी होते.

स्टेडियम रिकामं आहे. खालून चहाचा वास येतो. शालन पदरानं घाम पुसते.

‘‘केवढं ओरडायचं ते!’’ ती म्हणते. बाईमाणूस असूनही मी आलो, मी गेलो म्हणायची तिची पेठेतली बोली तशीच आहे. ‘‘काय न्हवतं हो. जाताना च्या घेतासा का, तेवढंच इचारनार होतो.’’

बोलताना तिचा एक हात खांदा दाबतो आहे.

‘‘खोटं बोलतीयास.’’

‘‘मग खरं सांगू? सोसंल तुमास्नी?’’

हिंदुरावांना हो म्हणायचं आहे. तोंड उघडतं, आवाज निघत नाही. ती वाट बघते. मग कप उचलते आणि पायऱ्या उतरायला लागते. त्या पायऱ्या कधी त्यांच्याच घराच्या होतात ते कळत नाही. तळाशी दार आहे. दारात ऊन.

‘‘मामा! अहो मामा!’’

सून, प्राजक्ता, त्यांना हलवते आहे. हातात पीठ तसंच. ‘‘काय झालं? केवढ्यानं ओरडत होता! आणि जुन्या वेशीच्या नावानं? गल्लीत ऐकलं असतं कुणी, तर तुमचं काय खरं नव्हतं.’’ ती हसते, मग त्यांचं तोंड बघून थांबते.

हिंदुराव उठून बसतात. आजच सांगायचं. हिलाच सांगायचं. ‘तिनं मला हाक मारली होती,’ एवढंच.

ते बोलायला जातात आणि घशातून नुसती खरखर येते. आवाज पार बसला आहे, चार मॅचेस लागोपाठ ओरडून आल्यासारखा. ते गळ्याला हात लावतात. शिरा दुखताहेत.

पुन्हा प्रयत्न करतात. ‘‘शा...’’ पुढं वाराच.

प्राजक्ता पाणी गरम करून आणते. ते एक घोट घेतात, पेला बाजूला सारतात आणि तिचं मनगट धरतात. तिच्या लक्षात येतं, हे पाण्यासाठी नाही.

‘‘आईंचं काही सांगायचंय?’’

ते मान डोलावतात.

आत तवा तापून धूर सुटलेला असतो. प्राजक्ता जाते, गॅस बंद करते आणि परत येऊन खाटेच्या कडेला बसते.

‘‘सांगा सावकाश,’’ ती म्हणते. ‘‘भाकऱ्या मागनं टाकतो.’’