शेवटच्या बाकावरची मावशी

माझी मावशी विद्यापीठातल्या प्राध्यापकांना शिकवायला शिकवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग सावध होतात. बावीस वर्षं ती दुसऱ्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसते आहे. मिनिटामिनिटाला वर्गात काय चाललंय ते कागदावर टिपते आणि तास संपला की तो कागद त्याच शिक्षकाच्या हातात देते. नक्कल ठेवत नाही, बाहेर अवाक्षर काढत नाही. या एका शब्दावर भलेभले तिला वर्गात घेतात. घरी मात्र दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घातल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

गणिताचे एक तरुण सर तिचे भारी लाडके. पहिल्या तासाला त्यांनी पन्नासातली एक्केचाळीस मिनिटं फळ्याकडे तोंड करून काढली. मावशी पाच वेळा जाऊन बसली. पाचव्या तासाला ती मिनिटं नऊवर आली आणि मावशीचा आनंद पोटात मावेना. तिथेच घोळ झाला. एका कार्यशाळेत तिने नाव न घेता त्या पहिल्या तासाचा किस्सा सांगितला: एक शिक्षक फळ्यालाच समजावत बसतात आणि कुणी शंका विचारली की आधी खडू खिशात टाकतात. खडू खिशात टाकणारा माणूस अख्ख्या विद्यापीठात एकच होता. सगळे खो-खो हसले. सुधारणेचा भाग तिने जेवणानंतर सांगायचा ठेवला होता, आणि जेवणानंतर निम्मे लोक परत आलेच नाहीत.

महिन्याभराने समिती बसली. सरांना कायम करायचं की घरी पाठवायचं, एवढाच विषय. मी रजिस्ट्रारांच्या कार्यालयात नोकरीला, त्यामुळे बैठकीचं टिपण माझ्याकडे. सर समोर बसलेले. मावशीला मत द्यायला बोलावलं होतं.

"बाई, फळ्याला शिकवणारे ते हेच ना?" रजिस्ट्रारांनी विचारलं. "तुम्हीच सांगितलंत. नुसतं हो की नाही सांगा, बाकीचं आम्ही बघतो."

मावशीचा चेहरा पडला. हो म्हणावं तर दिलेला शब्द गेला आणि सरांची नोकरीही. नाही म्हणावं तर धडधडीत खोटं. मला तिचा रागच आला. गप्प बसणं हेच तर तिचं काम होतं.

"यांच्या वर्गात काय पाहिलं ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. "तो हक्क माझा नाही. कार्यशाळेत बोलले तीच माझी चूक."

"म्हणजे हेच." रजिस्ट्रारांनी फाईल मिटली.

तेव्हा सरांनी बॅग उघडली आणि मावशीचे पाच कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. "हो, मीच तो. पण पाचही वाचा." कागद या हातातून त्या हातात फिरले. एक्केचाळीस, तेहेतीस, सव्वीस, चौदा, नऊ. कुणीतरी उगाच खाकरलं. वीस मिनिटांनी मी लिहिलं: कायम करण्यात यावे. माझा जीव भांड्यात पडला.

मावशीने त्यांना जिन्यापाशी गाठलं. "सर, मला माफ करा."

"तुमच्यामुळे मला शिकवता यायला लागलं, बाई. हे मी कुणालाही सांगेन," ते म्हणाले. "पण माझ्या वर्गात पुन्हा येऊ नका."

"नाही येणार," मावशी म्हणाली.

ते खाली उतरून गेले. मला मावशीची बाजू घ्यावीशी वाटत होती, पण घेता येईना. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.