घोंगडं न मावणारी पिशवी

ज्ञानू बंडगर मिलमध्ये मुकादम झाला आणि त्याने सायकल घेतली. कुंभारीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. रोज सकाळी भोंग्याआधी सोलापूर गाठायचं, संध्याकाळी घरी परतायचं. शनिवारी मात्र मिलमधून थेट बापाच्या तळावर जायचं आणि रात्र मेंढरांपाशी काढायची, असं बापलेकाचं ठरलं होतं. बिरप्पा म्हातारा एकटाच मेंढरं राखायचा, आज या रानात तर उद्या त्या. लेक मुक्कामाला येणार म्हणून तो हरखून गेला होता.

राहिली होती फक्त पिशवी. शुक्रवार पेठेतल्या दुकानात मालक विरुपाक्षने दोन पिशव्या पुढ्यात टाकल्या. एक खाकी किंतानाची, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना पडशीसारखी लोंबणारी. घोंगडं, भाकरी, तांब्या, सगळं तिच्या पोटात जाईल अशी. दुसरी कातड्याची, पितळी बकलाची, सीटमागे ऐटीत बसणारी. तिच्यात जेवणाचा डबा मावला तरी पुष्कळ. काय काय न्यायचं ते विचारून विरुपाक्षने किंतानाचीच घे म्हणून सांगितलं. तो धंदेवाईक असूनही खरं बोलला. पण ज्ञानूच्या डोळ्यांपुढे मिलचं फाटक होतं. तिथले कारकून आधीच त्याला मेंढरांवरून चिडवायचे, त्यात सायकलला घोंगडं लटकलेलं दिसलं तर संपलंच. त्याने कातड्याची घेतली. माणसाला मिरवायची हौस आली की अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

शनिवारी तळावर बिरप्पाने पिशवीवरून हात फिरवला.

"लई झ्याक हाय," तो म्हणाला. "पर ह्यात घोंगडं कुटं मावतंय?"

सायकलवर घर काही लांब नाही, भाकर खाऊन परत जाईन, असं ज्ञानूने सांगून टाकलं. म्हातारा "व्हय की" म्हणाला आणि चुलीकडे वळला. पुढे दर शनिवारी तसंच चाललं. ज्ञानूचं जेवण उरकलं की, उजेड आहे तोवर नीघ, असं बापच म्हणायचा. ज्ञानूलाही ते सोयीचं होतं.

थंडीत लांडग्याने दोनदा कोकरं नेली. बिरप्पाने सगळी मेंढरं विकली आणि तो कुंभारीला घरी येऊन राहिला. म्हातारा सुटला, असंच ज्ञानूला वाटलं. पहिल्याच संध्याकाळी सुनेने, तानाबाईने, ताट वाढलं. दिवा लागलेला होता, तरी म्हाताऱ्याचा हात भाकरी शोधत जमिनीवरून फिरत राहिला. दिवस मावळल्यावर त्याला दिसत नव्हतं. कधीपासून, ते त्याने कुणालाच कळू दिलं नव्हतं.

ज्ञानूने भाकरी त्याच्या हातात दिली. "आबा, मला बोलला का न्हाय तुमी?"

"त्या शनवारी बोलनारच हुतो," बिरप्पा म्हणाला. "पर तुजी पिशवी बगितली. म्हनलं, पोराला ऱ्हायाचं न्हाय, कशाला अडचनीत टाकायचं?"

बापाच्या आवाजात राग असता तर ज्ञानूला सोसलं असतं. राग नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन तो किंतानाची पिशवी घेऊनही आला असता, पण आता मुक्काम करायला तळच उरला नव्हता.