आत्याची किडनी

धारची आत्या फोनवर माझी खुशाली कधी विचारत नसे. विचारायची ती तिच्या किडनीची. "नीट नांदतेय ना रे?" जशी काही लेकच माझ्या घरी दिली होती! मी देवासहून म्हणायचो, "अगं, कधी माझंही विचार." त्यावर "तुला काय धाड भरलीय," म्हणून ती पुढच्या चौकशीला लागायची.

माझा आजार क्वचितच कुणाला होणारा. अंगात यूरिक अॅसिड बेसुमार तयार होतं. लहानपणापासून मूतखडे, सुजलेले सांधे, आणि पस्तिशीत दोन्ही किडन्या गेल्या. हा दोष आईकडून आलेला, म्हणून तिकडचं कुणी चालेना. बाबा आधीच गेलेले. मग आत्या पुढे झाली. परवानगी देणाऱ्या समितीनं विचारलं, "आप क्यों दे रही हैं?" मुलींच्या शाळेत जन्म काढलेली आत्या म्हणाली, "क्योंकि मेरे पास दो हैं।" समितीतले हसले, कागद झाला.

इंदूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं होतं. परकी किडनी अंगानं नाकारू नये म्हणून बरेच जण जी गोळी घेतात, ती मला वर्ज्य. माझ्या आजारात तिनं यूरिक अॅसिड भडकतं. मी नंदीबैलासारखी मान हलवली. आत्यानं गोळीचं नाव वहीत लिहून घेतलं.

किडनी बसवली तेव्हापासून रोज सकाळी आठला तिचा फोन. "गोळी घेतलीस का?" असं नाही. "कोणती घेतलीस?" मग मी पाकिटावरची नावं मोठ्यानं वाचून दाखवायची.

"आत्या, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर कान धरला असता. वाच."

मला दिलेल्या गोळ्यांनी तोंड सुजून भोपळा झालं होतं. आमच्या कारखान्यात किडनी बदललेला आणखी एक जण होता, त्याचा चेहरा अगदी पहिल्यासारखा. "भिया, अपन तो यही खाते हैं, सब यही खाते हैं," म्हणत त्यानं उरलेली पाकिटं मला दिली. त्या बिचाऱ्याचा काय दोष? माझा आजार मी त्याला सांगितलाच नव्हता. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं होतं. खालची बारीक अक्षरं वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. जुन्या गोळ्या बंद केल्या, या सुरू केल्या. आणि रोज सकाळी आत्याला मात्र जुन्याच पाकिटावरची नावं वाचून दाखवली.

दोन महिन्यांत गुडघे सुजले, लघवीतून वाळूसारखी खर जाऊ लागली. ही तीच वर्ज्य गोळी, हे डॉक्टरांना कळलं तोवर आत्याची किडनी खड्यांनी निकामी झाली होती. त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. आत्याला मी एवढंच सांगितलं, "नाही टिकली गं."

ती बसनं देवासला आली. डायलिसिसच्या पलंगाशी बसली. त्या दिवशी तिनं एकाही गोळीचं नाव विचारलं नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "माझीच जुनी होती रे. तुला चांगली द्यायला हवी होती."

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि "बसला गर्दी होती का गं?" एवढंच विचारलं. पुढे तीन वर्षं ती होती, आणि भेटेल त्याला हेच सांगायची: "त्याची काही चूक नाही हो, माझीच कमी पडली." बहुतेक वेळा मी तिथेच बसलेला असायचो.