ओमवतीची परात

भिंडात कुणालाही विचारा, ओमवती भदौरिया कशी बाई आहे, तर एकच उत्तर मिळेल: जिभेला हाड नाही. म्हणणाऱ्यांचं काय जातं? ज्यांच्या कमरेला दिवसरात्र लोखंड लटकतं आणि डोक्यात मात्र भुसा असतो, त्यांना एका विधवेची जीभ टोचते. टोचू दे.

बाजारातल्या बंदुकांच्या दुकानात, मागच्या खिडकीपाशी, ओमवतीचं बाकडं आहे. तिथं पूर्वी तिचा नवरा लाखन बसायचा. लाखन मिस्त्री. तो गेल्यावर दुकानमालकाने झाडूपोछा करायला म्हणून तिला ठेवलं. पण नवऱ्याने घरी काम आणायचं, तिने शेजारी बसून तेल लावायचं, स्प्रिंग धरायची, असा त्यांचा संसार झालेला. वर्षभरात झाडू दुसऱ्या बाईच्या हातात गेला आणि पाना-पेचकस ओमवतीच्या.

गिऱ्हाइकाला ती शिव्या देते हे खरं आहे. गोरमीचा एक जण नवीन परवाना मिळाला म्हणून मिशीला पीळ देत आला. रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मोडून उघडलं आणि मनगटाला झटका देऊन खाट्कन बंद केलं.

"माशा मारतोस का रे?" ओमवती म्हणाली.

"सगळे असंच बंद करतात, जिज्जी."

"सगळे शेण खातात, तू पण खा. बिजागरी ढिली झाली की माझ्याकडे रडत येऊ नकोस. इकडे आण."

मग तिने त्याला शिकवलं, जसं ती प्रत्येकाला शिकवते. आवाज चढवून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं. नळी जमिनीकडे, कारण जमीन मरत नाही. बोट चापापासून लांब. अंगठ्याने खटका दाबायचा आणि मोडायचं, पण अर्धवट नाही, पार शेवटपर्यंत. मोडलं की काडतुसांच्या चक्रीतली चांदणी, ती ताऱ्यासारखी चकती, वर येते आणि काडतुसांना उचलते. अर्ध्यावर हात थांबला तर एखादी रिकामी पुंगळी चांदणीखाली घुसते, मग बसा चिमटा घेऊन.

"आता कान उघडे ठेव," ती म्हणाली. "उडालेली पुंगळी आखूड. ती टणकन बाहेर पडते. जिवंत काडतूस लांब. ते नुसतं वर उचललं जातं, आणि चांदणी खाली बसली की गुपचूप परत आपल्या भोकात. चार पुंगळ्या खाली पडलेल्या बघून माणूस म्हणतो, रिकामं झालं. झालं कपाळ. म्हणून मोडलं की उलटं करायचं. मग एकेका भोकातून उजेड बघायचा. उजेड दिसला तर रिकामं. तू तोंडाने काय म्हणतोस त्याला कुत्रं विचारत नाही."

"आणि भरताना?"

"भरताना एकेक. अंगठ्याने पार तळाशी बसवायचं. एखादं जरा वर राहिलं तर चक्री अडते, आणि अडली की तुम्ही गाढवं चाप ओढून बघता. बंद करताना दोन्ही हातांनी, हळू. पाळण्यात पोर ठेवतोस ना, तसं."

गोरमीकर गेला. जाताना दारातल्या पानवाल्याला म्हणाला, "हिच्या नवऱ्यालाच रिकामं करता आलं नाही, आणि ही आम्हाला शिकवते." ओमवतीने ते ऐकलं. ती हे सगळ्या भिंडाच्या तोंडून ऐकत आली होती. मिस्त्री असून स्वतःच्या हातून मेला. हत्यारांचा वैद्य, आणि साधं रिव्हॉल्व्हर रिकामं करता आलं नाही.

आणि ते खोटं होतं. धडधडीत खोटं.

झालं होतं असं. चुलत घरातल्या एका तिलकाला, म्हणजे लग्नाआधीच्या टिळ्याला, पुरुष मंडळी अंगणात हवेत बार काढत होती. लाखनचा थोरला भाऊ महिपाल, म्हणजे ओमवतीचा जेठ, त्यात पुढे. त्याचं रिव्हॉल्व्हर मधेच अडायला लागलं. त्याने ते मोडलं, पुंगळ्या टणाटण खाली पडल्या, त्याने झटक्यात बंद केलं आणि भावापुढे धरलं. "लाखन, बघ रे, चक्री अडतेय. रिकामं आहे." बोट चापावरच. लाखन हातातला रायत्याचा द्रोण खाली ठेवायला वाकला होता. त्याने हत्याराला हातसुद्धा लावला नव्हता, तोच गोळी सुटली. गच्चीवर बायकांच्या घोळक्यात ओमवती उभी होती. तिने सगळं पाहिलं.

पोलीस येईपर्यंत घरातल्या पुरुषांचं ठरलं. सासरे म्हणाले, एक गेला, आता दुसऱ्याला तुरुंगात घालवू का? मग काय, अंगणातल्या सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की मिस्त्री हत्यार दुरुस्त करत होता, त्याच्याच हातून गोळी सुटली. गच्चीवरच्या बायकांना कुणी विचारलंच नाही.

ओमवती बोलली का नाही? बोलणार कुणाशी? आमच्याकडे सून जेठापुढे तोंड उघडत नाही. घूंघट खाली, आवाज बंद. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याच्या तोंडून. भाऊ मारला त्याने, घर त्याचं, कोठीतलं धान्य त्याचं, आणि हिच्या मांडीवर तीन वर्षांची लेक, कृपा. ती रोज त्याच्या ताटात वाढायची आणि तो रोज जेवून उठायचा. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही की माझ्या हातून झालं. उलट लोक लाखनला नावं ठेवायचे तेव्हा हा मान खाली घालून सुस्कारा सोडायचा, जणू धाकट्याच्या अडाणीपणाचं यालाच दुःख.

कृपाला हेच ठाऊक होतं. ओमवतीने एकदा खरं सांगितलं, तर पोर म्हणाली, "अम्मा, दाऊजी खोटं कशाला बोलतील? तू त्यांच्यावर उगाच राग धरतेस." दाऊजींनी, म्हणजे या थोरल्या काकाने, तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, शाळेत घातलं होतं. पोरीचा काय दोष. पण त्या दिवशी ओमवतीने पाटावरची कणीक इतकी बडवली की पोळ्या चामड्यासारख्या झाल्या.

कृपाचं लग्न पोरसा गावच्या तोमरांकडे ठरलं. मुलगा बरा होता, कमी बोलायचा. ओमवतीची अट एकच: वरातीत एकही बार उडणार नाही. तोमरांनी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

लग्नाच्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकाच्या मांडवात पुऱ्यांची कणीक बघत होती. कनातीपलीकडे महिपाल पाहुण्यांशी बोलत होता. कुणीतरी म्हणालं, दाऊ, यंदा बार नाही म्हणे? महिपाल हसला. "बायकांचं काय मनावर घ्यायचं. दोनचार तर उडणारच, नाहीतर लग्न आहे का तेरावं? इथं सगळ्यांना हत्यार धरता येतं. आमच्या लाखनसारखं कुणी करणार नाही."

ओमवतीच्या हातातला कणकेचा गोळा तिथेच राहिला. तिचा भाऊ इंदल इटाव्याहून आला होता, तो शेजारी बसला होता. त्यानेही ऐकलं.

"जिज्जी, आज नको," तो म्हणाला. "आज पोरीचं लग्न आहे."

"आजच," ती म्हणाली. "उद्या ती जाईल ना, बापाला अडाणी समजून."

दिवेलागणीला वरात आली. बँड, दिवे, घोडीवर नवरदेव, आणि चौकाच्या वळणावरच पहिला बार. मग दुसरा. दारात महिपालची बायको आरतीचं ताट घेऊन उभी. विधवेला दारात यायचं नसतं, म्हणून ओमवतीची जागा मागे, चुलीपाशी. गच्चीवर बायका गारी गात होत्या, म्हणजे वराकडच्यांना सुरात शिव्या. "फूफाजींची मिशी मोठी, कमरेला लोखंड, घरी फूफीपुढे मात्र मांजर." वराच्या आत्याचा नवरा गजाधर फूफा खाली ऐकून हसत होता आणि हात वर करून तिसरा बार काढत होता.

तेवढ्यात चुलीकडून ओमवती आली. हातात कणीक मळायची मोठी परात, पिठाने माखलेली. जावेच्या आणि आरतीच्या पुढे येऊन ती उंबऱ्यात उभी राहिली.

"काडतुसं परातीत टाका आणि आत या," ती म्हणाली. "ज्याला टाकायची नाहीत त्याने बाहेर जेवावं."

बँड थांबला. गारी थांबली. फूफा रुसल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही, आणि या फूफाला तर कारण आयतंच मिळालं.

"ही कसली पद्धत?" तो म्हणाला. "वरातीचं स्वागत असं करतात? चला रे, घोडी फिरवा."

"फिरवा," ओमवती म्हणाली. "पोरगी घरात राहिली तर मी पोसेन. मेलेला माणूस मला परत आणता येत नाही."

घोडीवरचा नवरदेव खाली बघत म्हणाला, "फूफाजी, अट होती आपली. बाबूजींनी शब्द दिला होता."

फूफाची मिशी थरथरली. पण तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "ठीक आहे. मग आधी तुमच्या घरची रिकामी करा. ते बघा, तुमचे दाऊ उभे आहेत, कमरेला लावून. त्यांची परातीत पडू दे, मग आमची."

सगळ्यांनी महिपालकडे पाहिलं. ओमवतीही वळली. तोंडावरचा पदर तिने मागे सारला. त्या माणसाने इतक्या वर्षांत तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं असेल.

"दाऊजी, तुमचं," ती म्हणाली.

गच्चीवर एक म्हातारी "हाय राम" म्हणाली. महिपाल तिच्याकडे न बघता इंदलला म्हणाला, "सुनेला सांग, माझं रिकामं आहे."

"इंदलला कशाला सांगता? मी इथं उभी आहे. उघडा."

"चार माणसांत शोभतं का हे?"

"चार माणसांतच शोभतं. तेव्हाही चार माणसं होती. उघडा."

महिपालने रिव्हॉल्व्हर काढलं. खटका दाबला, मोडलं. काहीच खाली पडलं नाही. "बघ," तो म्हणाला आणि बंद करायला लागला.

"उलटं करा."

तो थांबला.

"उलटं करा, दाऊजी. मी रोज दहा जणांना शिकवते, तुम्हालाही शिकवते. जिवंत काडतूस आपण होऊन पडत नाही."

त्याने उलटं केलं. काडतुसं परातीत पडली, पिठात. सगळीच्या सगळी जिवंत. फूफाने आपल्या कमरेवरचा हात काढला.

"हे तुमचं रिकामं," ओमवती म्हणाली. आवाज आता चढला नव्हता, आणि त्यामुळेच इंदलला भीती वाटली. "आज दुपारी तुम्ही म्हणालात, लाखनसारखं कुणी करणार नाही. काय केलं होतं लाखनने? सांगा ना. रायत्याचा द्रोण खाली ठेवत होता तो. आणखी काय केलं होतं? तुम्हाला तुरुंगात मी घातलं नाही. तुमच्या ताटात रोज वाढलं. कोठीतल्या धान्याबरोबर माझ्या नवऱ्याचं नावही तुम्ही खाल्लंत, आणि वर सुस्कारे सोडलेत. पोरगी आज चालली. ती आत उभी आहे. बोला."

"सूनबाई, झालं गेलं..."

"झालं गेलं नाही. बोला."

महिपाल भदौरिया हा पंचायतीत शब्दाला वजन असलेला माणूस. पांढरा फेटा, धिप्पाड देह. तो उघड्या रिव्हॉल्व्हरकडे बघत म्हणाला, "गोळी माझ्याकडून सुटली. मी उलटं करून बघितलं नव्हतं. लाखनने हात लावला नव्हता."

बस. एवढंच. तीन वाक्यं. ओमवतीला वाटलं होतं, हे ऐकलं की काळीज हलकं होईल. कसलं काय. तिच्या अंगाची उलट आग झाली. एका दमात बोलून झालं की! घसा कोरडा पडला नाही, आभाळ कोसळलं नाही. मग इतकी वर्षं काय दातखीळ बसली होती?

महिपालने रिव्हॉल्व्हर उंबऱ्यावर ठेवलं. "मी जातो. कन्यादान इंदल करेल."

"कन्यादान इंदलच करेल," ती म्हणाली. "पण तुम्ही जायचं नाही. मांडवात बसायचं, पुढे, सगळ्यांना दिसेल असं. कुणी लाखनचं विचारलं तर आत्ता बोललात तेच परत सांगायचं. दरवेळी."

तो गेला आणि मांडवात पुढच्या खुर्चीवर बसला. फूफाने खोकून घसा साफ केला, आपलं मोडलं, उलटं केलं, एकेका भोकातून दिव्याकडे बघितलं आणि परात पुढे ओढली. त्याच्यामागे बाकीच्यांची रांग लागली. रुसायचं तो विसरूनच गेला.

परात जड झाली तशी ती इंदलकडे देऊन ओमवती आत वळली. आतल्या दाराशी कृपा उभी होती, लाल शालूत, मेंदीचे हात छातीशी धरून. रडून रडून काजळ गालांवर आलेलं. ती काही म्हणायला गेली, पण ओमवतीचा राग अजून उतरला नव्हता. तिने पदराने पोरीचं तोंड जरा जोरातच पुसलं.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "तुझ्या बापाला काम येत होतं."